एका घराचा एक हात

"हात खाली घ्या. दोन्हीकडं सारखेच झाले," गावप्रमुख चो म्हणाला.

फवारणी हवी म्हणणारे जितके, तितकेच नको म्हणणारे. एकच घर उरलं, दॉकबेचं. तो भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात कसले, दगडच ते.

स्वयंपाकघराच्या दारात बायका थिजल्या होत्या. सभेत घराला एक मत, आणि ते पुरुषाचं. बायकांनी सगळ्यांसाठी शेवया उकळायच्या. होकार मिळाला तर उद्या ड्रोन अख्ख्या खोऱ्यावर औषध मारणार होता, आणि वरून पडणाऱ्या औषधाला कुणाचा बांध दिसत नाही. या बायकांच्या गटानं भातात बदकं सोडली होती. तण उपटायला नको, किडे मारायला नको, सगळं बदकंच खायची. तो बिनविषारी तांदूळ शहरातल्या शाळा आवर्जून घेत. एक फवारा पडला की बदकं संपली, आणि तांदळाचं नावही गेलं.

"बोल, दॉकबे."

चो त्याचा थोरला मावसभाऊ, आणि फवारणीच्या बाजूचा. त्याच्यासमोर दारूचा घोटसुद्धा दॉकबे तोंड फिरवून घ्यायचा, थोरल्याचा मान राखायच्या रीतीप्रमाणं. तो त्याच्याविरुद्ध हात कुठला वर करतोय!

त्याची बायको मालसून ओले हात झटकत पुढं आली.

"मी करते हात वर. चिखलात वाकून कंबर माझी मोडलीय."

"ह्वाजाची आई, नियम तो नियम. नवरा मेला असता, नाहीतर सभेत नसता, तर तुझाच हात मोजला असता. पण हा बघ, जिवंत बसलाय."

"जिवंत? नाकाला सूत लावून बघा एकदा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. दॉकबे उठला. ना बायकोकडं बघितलं, ना भावाकडं. मान खाली घालून तो बाहेर गेला, पायरीवरच्या चपला त्यानं घाईघाईनं पायात सरकवल्या.

पळाला. मालसूनच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सासू भांडायला उठली की याला तेव्हाच सिगारेट आठवायची. लेकीच्या, ह्वाजाच्या, लग्नाची बोलणी अडली, तेव्हा म्हणे बैल बघायला गेला होता. आज अख्ख्या गावासमोर पाठ दाखवली मेल्यानं. बायकांची तोंडं उतरली. एकीनं डोळ्याला हात लावला.

चोनं घसा खाकरला.

"तर मग, बरोबरी झाली की शेवटचा शब्द प्रमुखाचा. मी म्हणतो..."

तेवढ्यात बायकांच्या पाठीमागून, मागच्या दारानं आत शिरलेल्या दॉकबेचा आवाज चुलीपासून आला.

"अगं, मी सभेत नाहीये ना आता! हात वर कर लवकर, इथं शेवया उतू चालल्यात!"