मानसिंगरावांचं मीटर

लग्नपत्रिका मानसिंगरावांनी उचलल्या. कारखान्याच्या सभेची नोटीस घडी घालून खिशात टाकली. लाईट बिल मात्र तसंच ओट्यावर राहू दिलं.

"ते पण तुमच्याच नावाचं हाय," अंजली उंबऱ्यातून म्हणाली.

"नाव माझं, घर तुझं. दिवा कुणाच्या घरात लागतो? त्यानं भरायचं."

निरवांगीतलं हे घर अंजलीनं आणि तिच्या नवऱ्यानं, बुद्धघोषनं, सत्त्याण्णव साली मानसिंगरावांकडून विकत घेतलं होतं. पैसे पोचले, खरेदीखत झालं, आणि मानसिंगराव मागच्या जागेत नवं घर बांधून राहायला गेले. मध्ये फक्त एक भिंत. पण पोस्टमनला त्यांनी बजावून ठेवलं होतं, माझं टपाल जुन्या घरीच टाकायचं. मग आठ-पंधरा दिवसांनी यायचे आणि घेऊन जायचे. अंजलीच्या हातातून नव्हे. तिनं ओट्यावर ठेवायचं, मागं सरायचं, मग ते उचलणार. मागच्या महिन्यात तापानं फणफणले तेव्हा सरकारी दवाखान्यात तिच्याच हातचं इंजेक्शन घेतलं होतं, ते वेगळं.

आज मात्र ओट्यापाशी सोमनाथ वायरमन उभा होता, शिडी घेऊन. समोरच्या गिरणीवर दळणाला आलेल्या बायका इकडंच बघत होत्या.

"सिस्टर, थकबाकी लई झालीया," सोमनाथ अवघडून म्हणाला. "आज भरली न्हाय तर तोडायला सांगितलंय."

"दोन दिवे आन् एक पंखा हाय आमचा. एवढं बिल येतंच कसं?"

"मीटर खोटं बोलत न्हाय," मानसिंगराव हसले.

"मग अर्जावर सही द्या. मीटर माझ्या नावावर करून घेते. कितींदा आले मी तुमच्या दारात."

"सही मिळायची न्हाय." त्यांचा आवाज चढला. गिरणीपर्यंत जाईल असा चढला. "घर इकलं म्हणून नाव इकलं व्हय? माझ्या बानं बांधलेलं हाय हे. अजून सारं गाव मानसिंगरावाचं घरच म्हणतंय. मीटरवर तुमचं नाव लागलेलं मी बघायचं? गुमान बिल भर, न्हायतर बस अंधारात. सवय आसंलच तुमास्नी."

सोमनाथ शिडीच्या पायरीकडं बघत राहिला. बुद्धघोष बारामतीला कामावर होता. तो असता तर म्हणाला असता, जाऊ दे, मी कुठनं तरी उसने आणतो. आजवर तो असंच करत आला होता, आणि तीही त्याला करू देत आली होती.

"तोडा," ती म्हणाली.

"सिस्टर, परत जोडायला लई हेलपाटे—"

"मीटर यांचं, कनेक्शन यांचं. यांचंच तोडा."

"आरं थांब की," मानसिंगराव एकदम म्हणाले. "एवढी काय घाई? उद्या-परवा भरतील ते."

पण सोमनाथनं शिडी खांबाला लावली होती. तो वर चढला, पक्कड काढली. घरातला पंखा हळू होत होत थांबला. आणि त्याच वेळी भिंतीमागं कसलीशी घरघर थांबली. इतका वेळ ती चालू होती, हे ती थांबल्यावरच कळलं.

"अवं!" मागच्या घरातून मानसिंगरावांच्या बायकोची, जयवंताबाईंची हाक आली. "पाण्याची मोटार बंद पडली! टीवी पण गेला! समद्या गावाची लाईट गेली का आपलीच?"

समोर गिरणीचा पट्टा फिरतच होता.

सोमनाथ खांबावरून अंजलीच्या घराच्या पत्र्याकडं बघत होता. पत्र्याच्या कडेखालून एक काळी वायर निघाली होती. खालून दिसत नव्हती. भिंत ओलांडून ती मागच्या घरात शिरली होती.

"आबा," त्यानं वरूनच विचारलं, "ही कुठं जाती?"

गिरणीवरची एक म्हातारी खुदकन हसली. ते ऐकून मानसिंगरावांनी मान खाली घातली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आण तो अर्ज. करतो सही."

"आता नको." अंजली ओट्यावर आली. आवाज तिनंही गिरणीपर्यंत जाईल असाच लावला. "नाव तुमचंच ऱ्हाऊ द्या, मानसिंगराव. थकबाकीसकट. मी नवं मीटर घेते, माझ्या नावाचं."

मानसिंगराव पत्रिका छातीशी धरून निघून गेले.

दिवस मावळला. अंजलीनं माळ्यावरचा कंदील काढला, काच पुसली, वात लावली. मागच्या घरात अजून काहीच लागलं नव्हतं. थोड्या वेळानं भिंतीवरून एक हात वर आला. हातात रिकामी बाटली होती.

"सिस्टर," जयवंताबाई हळू बोलल्या, "वाईच रॉकेल हाय का वं? आमच्यात चिमणी हाय, पण घालायला थेंब न्हाय."

"तिच्याकडनं काय मागू नगंस!" अंधारातून मानसिंगराव ओरडले. "मागं फिर आदी!"

बांगड्या वाजल्या. हात मागं गेला नाही.

अंजली कंदील घेऊन भिंतीपाशी गेली. बाटलीला तिनं हात लावला नाही.

"कुणाच्या नावावर देऊ?" तिनं विचारलं.

बाटली आणखी थोडी पुढं आली.

"माझ्या," जयवंताबाई म्हणाल्या. "जयवंताच्या."