शेवंताक्काचा ताण

सोमवारी शेवंताक्का यंत्राशेजारी बसली, पण नर्सनं नळी जोडलीच नाही. मधुमेहामुळे अक्काच्या पेशींत साठून त्यांना झिजवणारा ऑक्सिडेटिव्ह ताण चार वर्षं हे यंत्र धाकट्या भावाच्या, विश्रामच्या रक्तात सोडत होतं. तो सडपातळ, त्याला सोसेल, असं सगळेच म्हणाले होते. आता त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तो शेजारच्या पलंगावर पडून होता.

"मग उलटं जोडा," अक्का म्हणाली. "त्याचा ताण मला द्या."

"मावशी, तुमचं वजन शहाण्णव किलो. चरबीमुळे तो तुमच्यात दुप्पट होईल. सत्तरच्या आत या, मग बघू."

"आणि तोवर हा?"

नर्स नळी गुंडाळू लागली.

पलंगावरून विश्राम हळूच म्हणाला, "अक्का, सकाळपासून उपाशी आहेस. दोन घास खाऊन घे, चक्कर येईल."