ॲडमिन टाकणारा

सासरेबुवांना वाटतं, अख्ख्या जगाचा डोळा आमच्या कपाटांच्या दुकानावर आहे. वेबसाइटला सुरक्षेचं प्लगइन बसवताना ते माझ्या खुर्चीमागे ठाण मांडून उभे होते. सगळ्यांची लॉगिनची नावं बदलून घेतली आणि वर हुकूम सोडला, "जुनं 'ॲडमिन' हे नाव जो टाकेल, त्याला तिथल्या तिथे ब्लॉक कर."

"बाबा, दोन-तीन संधी ठेवू या का? चुकून कोणी..."

"एकही नाही! ॲडमिन टाकणारा एक तर चोर असतो, नाहीतर मूर्ख. दोघांचंही आपल्याकडे काम नाही."

मी तसं सेटिंग केलं.

आज सकाळी दुकानातल्या एकाही कॉम्प्युटरवरून लॉगिन होईना. ऑर्डरी अडकल्या आणि बाबांनी सगळ्या कारागिरांसमोर माझा उद्धार केला. "हिनेच घोळ घातलाय! घरचं माणूस म्हणून काम दिलं, तर डोक्यावर बसली."

मी मोबाइलच्या नेटवरून आत शिरून बघितलं. प्लगइन माणूस नाही, कनेक्शन ओळखतं; एका लॉगिनपायी त्याने दुकानाचं अख्खं इंटरनेट कनेक्शनच वेबसाइटवर ब्लॉक केलं होतं.

"बाबा, सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्हीच बसला होतात ना? नाव काय टाकलंत?"

"काय म्हणजे? नेहमीचंच. ॲडमिन."

मागे लाकूड तासणाऱ्यांचे हात थांबले.

"प्लगइनने तुम्हाला चोर समजून हाकललं, बाबा," मी ब्लॉक काढत म्हटलं. "मी मात्र तुम्हाला चोर कधीच म्हणणार नाही."