हललीस

डॉक्टरांनी माझ्या बायकोला, फुमिएला, वर्षभराची मुदत सांगितली त्या दिवशी, इस्पितळातून परतताना, तिने मला थेट कॅमेऱ्याच्या दुकानात नेलं.

"तुमच्या ताईंच्या अंत्यविधीला सहलीच्या फोटोतून कापलेला चेहरा लावला होता. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला होता. माझं तसं नको. तुम्ही शिका, आणि माझा एक चांगला फोटो काढा."

शिकलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? चिकुमा नदीच्या काठी खंड्याची वाट बघत तासन् तास बसलो. चोचीत मासा धरून पाण्यातून उसळणारा माझा खंड्या यंदा शहराच्या प्रदर्शनात लागला. पंखांवरचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा.

डॉक्टरांचं वर्ष उलटून चार महिने झालेत. दर रविवारी फुमिए ठेवणीतला किमोनो नेसून अंगणात खुर्चीवर बसते. दर रविवारी मला ती खुर्ची आणखी मोठी दिसते.

आजही फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बराच वेळ बघितला आणि पुसून टाकला.

"हललीस."

"उडता खंड्या तुम्हाला लख्ख साधतो," ती म्हणाली, "आणि खुर्चीत बसलेली मी हलते होय?"

मी मान खाली घालून भिंग पुसत राहिलो. "पुढच्या रविवारी काढू. नीट."

तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारीही हलेन."