बाविसाव्या माणसाचं रक्त

"माझ्या मुंजाजीचा आकडा कोनता?" धुरपदाबाईनं विचारलं.

चावडीत बसलेल्या डॉक्टर दिनकररावांनी प्रयोगशाळेचा लखोटा अजून धड फोडलाही नव्हता. परभणी जिल्हा हैदराबाद राज्य सोडून मुंबई राज्यात आला त्याला वर्ष झालं होतं, पण छापील फॉर्मांना ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. वरचं जुनं नाव खोडून नवं शाईनं लिहिलं होतं. त्याखाली बावीस नावं आणि प्रत्येकापुढे एक आकडा.

"मावशी, जरा दम धरा. एकट्याचा आकडा वाचून काही कळत नाही."

गंगाखेड रस्त्यावरच्या या आंबटवाडीत बन्सीधरशेठनं सहा वर्षांपूर्वी रंगाचा कारखाना काढला होता. भट्टीत शिसं भाजायचं, त्याची लाल भुकटी करायची आणि पिंपं भरून रेल्वेला पाठवायची. हा रंग दिला की पुलाच्या लोखंडाला गंज चढत नाही म्हणे. भट्टीवर एकवीस माणसं होती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून त्यांची पोटं आवळून यायला लागली, हिरड्यांवर निळी रेघ दिसायला लागली. धुरपदाबाईच्या मुंजाजीचं तर उजवं मनगटच लुळं पडलं. अठ्ठावीस वर्षांचा गडी, आणि भाकरी आई मोडून द्यायची.

शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं चारचौघांत शब्द दिला होता, "रक्तात माझ्या कारखान्याचं शिसं निघालं, तर त्याच दिवशी भट्टी विझवतो. नाही निघालं, तर मात्र सगळ्यांनी मुकाट्यानं कामावर यायचं."

म्हणून दिनकररावांनी रक्त घेतलं होतं. शिसं अंगात भिनलं की रक्ताच्या पेशींवर निळे ठिपके उठतात आणि ते सूक्ष्मदर्शकातून मोजता येतात. अडचण एवढीच होती की हिवतापानंही ठिपके उठू शकतात, आणि हिवताप न आलेला माणूस आंबटवाडीत औषधालाही सापडला नसता. तेव्हा प्रयोगशाळेनं बजावून लिहिलं होतं, की त्याच गावचा, तेच पाणी पिणारा, तोच हिवताप काढलेला, पण कारखान्यात कधीही न गेलेला एक माणूस निवडा. त्याचेही ठिपके मोजू. कामगारांचे त्याच्याहून जास्त भरले, तर दोष शिशाचा.

"ज्याच्या रक्तात काही खोट नसेल असा माणूस द्या," दिनकरराव गावाला म्हणाले होते. गावाला फार विचार करावा लागला नाही.

"मंग आपले वैजीनाथ गुरव हायेत की," सटवाजी पाटील म्हणाले. "मारुतीची पूजा त्यांच्याकडं. पान न्हाई, तंबाखू न्हाई, कुनाच्या हातचं खानं न्हाई. त्यांच्यापरीस साफ रगत कुनाचं असायलंय?"

माना डोलल्या. वैजीनाथ अंघोळ करून, सोवळं नेसून सुईपुढं बसला होता.

"कारखान्यात कधी गेलात?"

"पाऊल ठिवलं न्हाई, डॉक्टरसाहेब. उपासानं आधनंमधनं पोट दुखतंय, त्यानं काई बिघडायचं न्हाई ना?"

"उपासाचं काय घेऊन बसलात," दिनकरराव हसले होते.

आता त्यांनी कागद उलगडला. कामगारांचे आकडे अकरापासून सोळापर्यंत होते. मुंजाजीपुढे चौदा होता. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. वैजीनाथापुढे पंधरा होता.

त्यांनी ओळ पुन्हा वाचली, नावं पडताळली, चष्मा पुसला. आकडा बदलला नाही. त्यांना वाईट वाटलं, कारण मनातून त्यांनी शेठलाच दोषी धरून ठेवलं होतं. पण मनातलं एक आणि कागदावरचं एक असलं, तर सरकारी डॉक्टरनं कागदाचं ऐकायचं असतं.

"ठिपके हिवतापाचे आहेत," ते म्हणाले. "कारखान्याचा दोष दिसत नाही."

"मंग ह्याचं मनगट?" धुरपदाबाईनं शेजारी बसलेल्या मुंजाजीचा हात उचलून दाखवला. पंजा खाली लोंबला.

"नस आखडली असेल. मी क्विनाईन देतो, शेकायला तेल देतो."

"तेल लावून झालंय, सायेब. वरीस झालं लावायले."

दिनकररावांनी टाक दौतीत बुडवला. त्यांनी खाली सही केली. समोर बसलेल्या बन्सीधरशेठनं हात जोडले, कागद खिशात घातला आणि दुपारच्या मोटारीनं परभणीला निघून गेला. कारखान्याची घंटा झाली. मुंजाजी डाव्या हातानं उजवा सावरत उठला आणि इतरांमागून भट्टीकडे चालू लागला. धुरपदाबाई पायरीवर बसून राहिली, त्याला अडवायला तिच्याकडे आता काहीच नव्हतं.

दिनकररावांचा मात्र पाय निघेना. हिवताप म्हटला तरी पंधरा ठिपके फार होते. या माणसाला ताप येतो तरी किती, हे विचारायला ते मारुतीच्या देवळाकडे वळले.

"यावा, डॉक्टरसाहेब," आतून वैजीनाथ म्हणाला. "आज शनवार, जरा हात गुतलाय."

बाजूच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तो तेलात काहीतरी कालवत होता. ओंजळभर काढून त्यानं मूर्तीच्या छातीवर थापलं, तळव्यानं चोळून सारखं केलं. मग त्याच बोटांनी नारळाचा तुकडा मोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा डॉक्टरांपुढं धरला. तुकडा लालभडक झाला होता.

"शेठचं मन लय मोठं हाय," खोबरं चावत तो म्हणाला. "रेल्वेला पिंपं जायच्या आदी पयला डबा देवाच्या शेंदराला धाडतेत, सा वर्सं झाली, दर शनवारी ह्याच हातानं चढवायलोय."