परिपाठातली बातमी

राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली आणि मुलं उन्हाचा पट्टा धरून भिंतीशी खेटून बसली. वर्गात पाय ठेववत नव्हता, इतका गारठा होता. समोरच्या टेकडीवर पाड्यातल्या घरांच्या नाताळच्या चांदण्या अजून उतरवलेल्या नव्हत्या.

वडील वारल्यानंतर सुषमा आज पहिल्यांदाच शिकवायला आली होती. फाटकातच गोपाल सरांनी तिला गाठलं होतं. दोन शिक्षकांच्या शाळेतले ते दुसरे, शहाद्याकडचे. मन हळवं झालं की त्यांची अहिराणी सुटायची.

"फिकीर करू नका, ताई. मी पोरेस्ले सांगी ठेयेल शे. कोनी काही इचाराव नही."

मुलं काही विचारणार नाहीत, याचं तिला बरं वाटलं होतं. घरी येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा. कुठल्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं होतं का, शेवटी काही बोलले का. इथं निदान तसं होणार नव्हतं. एक दिवस नेहमीसारखा जावा, एवढंच तिला हवं होतं.

बातम्या सांगायची पाळी लखनची होती. या शाळेत पेपरातल्या बातम्या चालत नसत. आपल्या पाड्यावरची, आपण पाहिलेली सांगायची. हा नियम सुषमानंच घातला होता. लखन उभा राहिला. मफलरमधून नाक तेवढं बाहेर होतं.

"दावीदकाकांची तूर झोडून झाली."

"आणखी?"

"बाज्याचे आईबाप ऊसतोडीला गेले. बाज्या आजीपाशी राहिला."

"शिळी आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "मागच्या आठवड्यात झाली."

"मग दुसरी नाहीच," लखन म्हणाला आणि सरांकडे एकदा बघून खाली बसला.

निभावलं, असं सुषमाला वाटलं.

पुढे रविना, चौथीतली. तिचं सगळं तोंडपाठ असे. "येणारे कार्यक्रम. बुधवारी आरोग्य तपासणी, नखं कापून यावे. शनिवारी आनंद मेळावा, प्रत्येकाने एक पदार्थ आणावा, मागच्या वर्षीसारखी सगळ्यांनी भजी आणू नयेत. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, गणवेश धुतलेला असावा. आणि या शुक्रवारी मॅडमचे वडील दानियल आजोबा आपल्याला गोफण विणायला…"

ती थांबली. रोज म्हटलेलं तिच्या तोंडून आपोआप घरंगळलं होतं.

पहिलीतल्या चेतनाला या थांबण्याचा अर्थ लागला नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "पण ते तर मेले ना."

"चेतना, गप," गोपाल सर म्हणाले. रविना रडायला लागली.

"तुला सांगितलं होतं ना विचारायचं नाही म्हणून," लखन दबक्या आवाजात म्हणाला.

"मी कुठं विचारलं? मी सांगितलं."

सुषमाला हसू येता येता राहिलं. पाळक म्हणाले होते, प्रभूमध्ये निजले. मावशी म्हणाली होती, सुटले. मेले, असं आतापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. तिनंही नाही.

"असू द्या, सर," ती म्हणाली. "चेतना, बसून बातमी देतात का? उभी राहा. नीट सांग. कोण, कधी, कुठे."

चेतना उभी राहिली. हात अंगाशी घट्ट धरले. "दानियल आजोबा मेले. रविवारच्या आधी. त्यांच्या छातीत दुखलं. चर्चच्या मागं पुरलं. आम्ही सगळ्यांनी माती टाकली. मग चहा दिला."

"काळा," शेजारच्यानं भर घातली.

"काळा चहा दिला," असं म्हणून चेतना बसली.

बातमी झाली की ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे असत. गोपाल सर हातपंपाकडे बघत राहिले.

"मग शुक्रवारचं काय?" रविनानं नाक पुसत विचारलं. "सांगायचं की नाही?"

"सांगायचं," सुषमा म्हणाली. "गोफण कुणाला येते?"

"मला निम्मी येते," लखन म्हणाला. "दगड ठेवायची जागा असते ना, तिथपर्यंत शिकवलं होतं आजोबांनी. पुढचं नाही येत."

"मग निम्मीच शिकू."

"निम्म्या गोफणीनं दगड जात नाही, मॅडम."

"माहीत आहे."

मुलं हसली. सरही हसले. लखननं मात्र हात वर केला.

"अजून काय?"

त्याचं घर दानियल आजोबांच्या घराला लागूनच होतं, मध्ये नुसता कूड. त्यानं आधी सरांकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली.

"त्यांच्या कोंबड्या आता कोण सोडतं?"

मी, असं म्हणायला सुषमानं तोंड उघडलं. पाहुणे होते तोवर सकाळी कुणी ना कुणी खुराडं उघडत होतं. शेवटचे पाहुणे काल गेले. आज तिनं अंगण झाडलं होतं, वडिलांची काठी उचलून आत ठेवली होती, घराला कुलूप लावलं होतं आणि सरळ शाळेत आली होती.

"येताना आतून ओरडत होत्या," लखन म्हणाला.

सुषमानं टेकडीकडे पाहिलं. ऊन पाड्यापर्यंत पोचलं होतं. अंगणाअंगणातून कोंबड्या माती उकरत होत्या. एक अंगण तेवढं स्वच्छ होतं.