नवं मशीन

सरकारी प्रशिक्षण केंद्रात पत्रा दाबून कापायचं प्रेस मशीन आलं, ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. सहा महिने तसंच राहिलं. “तपासणी व्हायची हाय, हात लावू नगा,” म्हणत सर फळ्यावर मशीनचं चित्र काढायचे. तिथं शिकणाऱ्या गडमुडशिंगीच्या बसवेशनं तेवढ्या काळात एकच मशीन वापरलं, अंगठा टेकवून हजेरी लावायचं. तरी ‘कुशल कामगार’ असं प्रमाणपत्र मिळालं, कारखान्यात नोकरीही लागली. पहिल्याच दिवशी प्रेसखाली उजवा अंगठा गेला. चौथ्या दिवशी सर दवाखान्यात आले, हजेरीचं मशीन घेऊन. नोकरी लागल्याची नोंद अंगठ्याशिवाय होईना, आणि नोंदीशिवाय केंद्राला पुढची बॅच मिळेना. बँडेज बघून म्हणाले, “डावा चालतोय की.” बसवेशची आई मल्लव्वा आडवी आली. “सर, त्या मोठ्या मशीनचं प्लास्टिक काढलंसा का न्हाई?” सर दचकले. “न्हाई ओ मावशी. नवं हाय, पोरांच्या हातानं मोडलं म्हंजे?”